‘केमिकल कमी झालंय’

आतोबा गेल्यानंतर सहाएक महिन्यांनी थोरल्या आत्याचं काहीतरी बिनसलं. चहाचं आधण ठेवून ती गॅससमोर उभी राहायची आणि पाणी आटून पातेलं करपलं तरी तिला वास येत नसे. पहाटे साडेतीनला डोळा उघडायचा, तो मिटायचाच नाही. मुलाने डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या आणि घरात सगळ्यांना एक वाक्य सांगण्यात आलं : ‘तिच्या डोक्यातलं केमिकल कमी झालंय.’

वाक्य सोयीचं होतं. कुणाची साखर वाढलेली, कुणाचं हिमोग्लोबिन उतरलेलं, त्या पंगतीत आत्याचं केमिकलही जाऊन बसलं. ‘मनाला फार लावून घेते’ म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. गोळ्यांनी दोन महिन्यांत फरकही पडला. आत्या मात्र जुनी मॅट्रिक, गणितात पहिली येणारी. एका दुपारी लसूण सोलता सोलता तिने मला विचारलं, ‘अरे, धाकटीचा नवरा तर पस्तिसाव्या वर्षी गेला. पदरात दोन पोरं. मग तिचं कसं नाही कमी झालं केमिकल?’

धाकटी आत्या तेव्हा ब्लाउज शिवून घर चालवत होती, आजही तिचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येतो. दोघी सख्ख्या बहिणी. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग वाचत गेलो.

*

त्या वाक्याचा माग काढत गेलं तर वाटेत परळ लागतं, याची मला कल्पना नव्हती. रुस्तुम जाल वकील हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे जुनीच. उत्तरेत तिला ‘पागल की दवा’ म्हणत. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये वेड आणि रक्तदाब या दोन्हींवरच्या तिच्या उपयोगाबद्दल लिहिलं होतं. वकिलांनी परळच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या रुग्णांवर ती पद्धतशीर वापरून पाहिली आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध छापला. तेव्हा कुठे पश्चिमेचे डोळे उघडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी मुळीतला मुख्य घटक वेगळा काढला, रेसर्पिन. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला.

रक्तदाब उतरत होता. पण रेसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, अशा बातम्या येऊ लागल्या. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी आणि सहकाऱ्यांनी सशांना रेसर्पिन देऊन दाखवलं, की या औषधाने सेरोटोनिन नावाच्या रसायनाचा साठा रिकामा होतो. त्याच सुमाराला न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या क्षयरोग रुग्णालयात उलटा प्रकार दिसला होता. आयप्रोनियाझिड हे टीबीचं नवं औषध घेणारे, खंगलेले रुग्ण हसू-खेळू लागले होते. हे औषध सेरोटोनिनसारख्या रसायनांची मोडतोड थांबवतं. एका औषधाने साठा रिकामा होतो आणि माणूस खचतो, दुसऱ्याने साठा वाढतो आणि माणूस उठतो. बेरीज-वजाबाकी जुळली. १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरॲड्रेनॅलिन या अशाच दुसऱ्या रसायनाच्या बाबतीत ही मांडणी केली, पुढे तिथे सेरोटोनिन येऊन बसलं, आणि १९८७च्या अखेरीस फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीला अमेरिकेत परवानगी मिळाल्यावर जाहिरातींनी ती घरोघर पोचवली. आमच्याही घरी पोचली, थोडी उशिरा.

गंमत अशी, की ब्रोडींचा निबंध आला त्याच १९५५ साली लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातल्या डेव्हिड डेव्हिस आणि मायकेल शेपर्ड यांनी चिंता आणि खिन्नता असलेल्या रुग्णांना रेसर्पिन देऊन पाहिलं. काहींना खरं औषध, काहींना नुसती गोळी. रेसर्पिनवाल्यांना जास्त बरं वाटलं! हा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला होता, कुठल्या आडवळणाच्या अंकात नव्हे. पण गोष्ट एकदा छान जुळली की न जुळणारा तुकडा सतरंजीखाली सरकवला जातो. २०२२ मध्ये लंडनच्या जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी सगळे पुरावे पुन्हा चाळले, आणि नैराश्यात सेरोटोनिन कमी असतं याला सुसंगत आधार सापडत नाही, असं लिहिलं. त्यावर ‘गोळ्या निरुपयोगी’ असे मथळे झळकले. तो अर्थ त्यातून निघत नाही. क्रोसिनने ताप उतरतो, म्हणून अंगात क्रोसिन कमी पडलं होतं असं आपण म्हणत नाही, आणि क्रोसिन फेकूनही देत नाही.

या हिशेबातली दुसरी खोट डॉक्टरांना रोजच्या रोज दिसत होती. गोळी घेतल्यावर काही तासांतच मेंदूतल्या पेशींच्या फटींमध्ये सेरोटोनिन वाढतं. मन उचल खातं ते दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा. साठ्याचाच प्रश्न असता तर इतका वेळ कशाला लागावा? मग लोक रसायन सोडून, रसायन ज्याच्या हाती पडतं त्याच्याकडे बघू लागले.

*

त्याला रिसेप्टर म्हणतात, मराठीत ग्राही. पेशीच्या आवरणात रोवलेला किंवा पेशीच्या आत तरंगणारा प्रथिनाचा रेणू. बाहेरून आलेलं रसायन त्याला चिकटतं, त्याचा आकार जरा बदलतो आणि त्यावरून पेशीला काय करायचं ते कळतं. पूर्वी चाळीत तारवाला यायचा. तार तीच, चार शब्दांची. पण एका खोलीत रडारड, दुसऱ्या खोलीत पेढे, तिसऱ्या खोलीत ‘बरं’ म्हणून ती खुंटीला. सेरोटोनिनचे किमान चौदा प्रकारचे ग्राही आहेत. १ए प्रकारचा ग्राही पेशीला शांत करतो, २ए प्रकारचा तिला चेतवतो. म्हणजे ‘सेरोटोनिन किती’ या प्रश्नाला एकट्याने फारसा अर्थ उरत नाही. कुठल्या दारात किती ग्राही आहेत, कुठले जागे आहेत, हे कळलं पाहिजे.

ताण आणि नैराश्य यांच्या नात्यात ज्या ग्राहीवर सगळ्यात जास्त शाई खर्ची पडली, तो मात्र सेरोटोनिनचा नाही. तो कॉर्टिसॉलचा. संकट आलं की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पिट्युटरीला इशारा देतो, पिट्युटरी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींना, आणि त्या रक्तात कॉर्टिसॉल सोडतात. साखर वाढते, माणूस पळायला तयार होतो. हे उत्तम आहे. प्रश्न थांबायचं कधी हा.

सोसायटीच्या गच्चीवरची टाकी आठवा. पाणी वर आलं की त्याच पाण्यावर तरंगणारा बॉल वर जातो आणि नळ बंद होतो. कॉर्टिसॉलचंही तसंच. ते पुरेसं वाढलं की मेंदूतल्या त्याच्याच ग्राहींना चिकटतं आणि ते ग्राही वरची ऑर्डर थांबवतात. बॉल गळका असेल तर पाणी कठड्यावरून वाहत राहतं, आणि खाली वॉचमन शिट्ट्या मारत बसतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकइवेन यांनी १९६८ मध्ये उंदरांना किरणोत्सारी खूण केलेलं ताणाचं संप्रेरक टोचलं, तेव्हा ते मेंदूत सगळ्यात जास्त साठलं हिप्पोकॅम्पसमध्ये, आठवणी ठेवणाऱ्या भागात. पुढे कळलं, की हे ग्राही दोन जातींचे आहेत. एक जात थोड्याशा संप्रेरकानेही भरून जाते; दुसरी, ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही, पातळी चढल्यावरच कामाला लागते. टाकीतला बॉल म्हणजे मुख्यतः ही दुसरी.

बॉल धड आहे की नाही हे तपासायची चाचणीसुद्धा होती. डेक्सामेथासोन, करोनाच्या काळात घरोघर ऐकलेलं नाव, म्हणजे कॉर्टिसॉलचा तगडा तोतया. रात्री ११ वाजता त्याची १ मिलिग्रॅमची गोळी द्यायची. धडधाकट माणसाचा बॉल वर जातो आणि दुसऱ्या दिवशी शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं आवरतं घेतं. तीव्र नैराश्याच्या बऱ्याच रुग्णांमध्ये नळ चालूच राहतो. बर्नार्ड कॅरल यांनी १९८१ मध्ये ही चाचणी निदानासाठी मांडली तेव्हा मनोविकारशास्त्राला आपली पहिली रक्ततपासणी मिळाली असं वाटलं होतं. टिकली नाही. वजन फार उतरलेल्या, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांतही ती ‘पॉझिटिव्ह’ येई आणि नैराश्याच्या कित्येक रुग्णांत येतच नसे. पण एक मुद्दा ती पक्का करून गेली : काहींचा बॉल खरोखरच हलका पडतो.

का पडतो?

*

इथे मॉन्ट्रियलच्या उंदरांची गोष्ट सांगायलाच हवी. मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आई-उंदरांना तासन्‌तास बघत बसत. काही आया पिल्लांना भरपूर चाटतात, काही कामापुरतं. दूध दोघीही पाजतात. जास्त चाटलेली पिल्लं मोठी झाल्यावर घाबरली तरी लवकर सावरतात, त्यांचं संप्रेरक लवकर उतरतं, आणि त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही जास्त असतात. आनुवंशिक असेल? म्हणून पिल्लांची अदलाबदल केली. कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं जास्त चाटणाऱ्या आईकडे दिली, तर ती पोसणाऱ्या आईवर गेली.

२००४ मध्ये इयन वीव्हर, मोशे झिफ आणि मीनी यांनी यामागची यंत्रणा दाखवली. ग्राहीच्या जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मेथिल नावाचे बारीक रासायनिक तुकडे चिकटतात. ते जितके जास्त, तितकं ते जनुक दबून वाचलं जातं आणि ग्राही कमी बनतात. चाटण्याने, पहिल्या आठवड्यातल्या चाटण्याने, हे तुकडे निघतात. अक्षरं तीच राहतात, त्यांच्यावरची पेन्सिल बदलते. २००९ मध्ये त्याच विद्यापीठातल्या गटाने क्वेबेकच्या मेंदू-पेढीतले ३६ मेंदू तपासले : १२ आत्महत्या केलेल्यांचे, ज्यांचा बालपणी छळ झाला होता, १२ आत्महत्या केलेल्यांचे, ज्यांचा झाला नव्हता, आणि १२ अपघाताने वा अन्य कारणाने गेलेल्यांचे. पहिल्या बारांत ग्राहीच्या जनुकावर मेथिलचा थर जास्त, ग्राही कमी. आत्महत्या हा दोन्ही गटांतला समान धागा होता. फरक होता बालपणाचा. संख्या लहान आहे. बारा मेंदूंवर मनुष्यजातीचा निवाडा करू नये. तरी तो निबंध वाचून झाल्यावर मी बराच वेळ खिडकीशी उभा होतो.

मग जनुकांचं काय? ‘आमच्या घराण्यातच आहे’ हे आपण सहज म्हणतो. २००३ मध्ये न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरातल्या ८४७ तरुणांचा अभ्यास ‘सायन्स’मध्ये आला. सेरोटोनिन परत ओढून घेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा आखूड नमुना ज्यांच्याकडे आहे, त्यांना आयुष्यातले धक्के जास्त लागतात, असा त्याचा निष्कर्ष. जनुक आणि नशीब यांचं इतकं देखणं लग्न कुणी लावलं नव्हतं. मीही हरखून चार जणांना सांगितलं होतं. २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर हे आणि असली एकूण १८ लाडकी जनुकं तपासली गेली; योगायोगाहून जास्त काही हाती लागलं नाही. मी त्या चार जणांना फोन केला नाही, हे कबूल करतो.

त्या मानाने एफकेबीपी५ नावाच्या जनुकाची कथा जरा तग धरून आहे. याचं प्रथिन ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहीवर बसून त्याची पकड ढिली करतं, बॉलला दगड बांधावा तसं. एलिझाबेथ बिंडर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अटलांटातल्या, बहुतांश गरीब कृष्णवर्णीय रुग्णांत पाहिलं, की या जनुकाचे काही नमुने आणि बालपणीचा छळ एकत्र आले तर पुढे आघातानंतरची लक्षणं तीव्र होतात. नुसत्या नमुन्याने नाही. ते काम आघातानंतरच्या विकारावरचं होतं, नैराश्यावरचं नव्हे. पण टाकी तीच.

*

आता परत मुंबईला. कुलाब्याच्या टोकाला, नेव्ही नगरच्या पलीकडे टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. परळच्या के.ई.एम.पासून टॅक्सीने तासाभराची वाट, आणि मधे अर्ध्या शतकाचं अंतर. तिथे विदिता वैद्य यांची प्रयोगशाळा याच प्रश्नावर काम करते : लहानपणीचा ताण मोठेपणीचं मन कसं घडवतो. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या, येलहून पीएच.डी. केलेल्या वैद्य यांना २०१५ मध्ये भटनागर आणि २०२२ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला. त्यांच्या गटाने जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत उंदराच्या पिल्लांना रोज काही तास आईपासून दूर ठेवलं. मोठेपणी ती बुजरी, भित्री झाली. पण त्याच दिवसांत त्यांच्या सेरोटोनिनचे २ गटातले ग्राही औषधाने झाकून ठेवले, तर ताटातूट होऊनही मोठेपणी ती भीती आली नाही. चेतवणारा ग्राही नाजूक वयात जास्त बोलला, की त्याचा आवाज जन्मभर घुमत राहतो, असं काहीसं. उलट गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. मोठ्या उंदराची उदासी कमी करणारं फ्लुओक्सेटिन त्या कोवळ्या दिवसांत दिलं तर मोठेपणी चिंता आणि उदासी वाढते. औषध तेच, वय वेगळं. (हे वाचून कुणा गरोदर बाईने परस्पर गोळ्या बंद करू नयेत. उंदराचे दोन आठवडे आणि माणसाचे महिने यांचा हिशेब सरळ नाही, आणि उपचाराविना राहिलेलं नैराश्यही बाळाला बाधतं.)

बंगळूरला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चॅटर्जी यांच्या गटाने २००२ मध्ये उंदरांना दहा दिवस, रोज दोन तास जखडून ठेवलं. हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखूड झाल्या, तर भीतीचं केंद्र असलेल्या ॲमिग्डलामध्ये त्या उलट फोफावल्या. पुढे तीन आठवडे विश्रांती दिल्यावर हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला. ॲमिग्डला नाही.

आणि जे मोडत नाहीत त्यांचं काय? डॅलसमध्ये एरिक नेस्लर यांच्या प्रयोगशाळेत वैष्णव कृष्णन यांनी २००७ मध्ये लहान चणीच्या उंदरांना रोज नव्या, दांडगट उंदराच्या पिंजऱ्यात काही मिनिटं सोडलं. दहा दिवस मार खाल्ल्यावर बरेचसे उंदीर कोपरा धरून बसले. काही मात्र सरळ दुसऱ्या उंदराजवळ जाऊन हुंगू लागले. वाटेल की या दुसऱ्यांच्या मेंदूत काही घडलंच नसावं. उलट निघालं. न मोडलेल्यांच्या मेंदूत बदललेल्या जनुकांची संख्या मोडलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त होती. धाकट्या आत्याला आम्ही सगळे ‘घट्ट काळजाची’ म्हणत आलो, जणू ती घडलीच तशी. तिला त्यासाठी काय काय करावं लागत असेल, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

अशा बहुतेक प्रयोगांत उंदीर नर असत. बायकांत नैराश्य पुरुषांच्या साधारण दुप्पट, आणि अभ्यास नरांचा! २०१० मध्ये फिलाडेल्फियात डेब्रा बँगॅसर आणि रिटा व्हॅलेंटिनो यांनी दोन्ही लिंगं शेजारी ठेवून पाहिली. ताणाची पहिली हाक देणाऱ्या सीआरएफ या संप्रेरकाचा ग्राही ताणानंतर नर उंदरात पेशीच्या आत खेचला जातो, म्हणजे हाक ऐकू येणं कमी होतं. मादीत तो बाहेरच राहतो, आणि मुळात जास्त संवेदनशीलही असतो. हाच ग्राही बंद करणारी औषधं अनेक कंपन्यांनी बनवली, माणसांवरच्या चाचण्यांत ती एकामागून एक पडली.

*

ग्राहींच्या या गर्दीत मला आत्याचं उत्तर सर्वात जवळून दिसलं ते प्रयोगशाळेबाहेर. लंडनच्या कॅम्बरवेल भागात जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी घरोघर जाऊन बायकांशी तासन्‌तास गप्पा मारल्या आणि १९७८ मध्ये पुस्तक लिहिलं. मोठा आघात अनेकींवर आला होता, पण सगळ्या खचल्या नाहीत. खचल्या त्यांत चार गोष्टी पुन्हापुन्हा दिसत. अकराव्या वर्षाआधी आई गेलेली. घरात चौदा वर्षांखालची तीन किंवा अधिक मुलं. बाहेर नोकरी नाही. आणि मनातलं बोलायला जवळचं माणूस नाही. पुढे वॉल्थमस्टोमध्ये केलेल्या अभ्यासात, १९८६ मध्ये, त्यांनी पहिल्या मुद्द्याला बारीक दुरुस्ती केली. आई जाण्यापेक्षा, ती गेल्यावर मुलीकडे नीट पाहिलं गेलं की नाही, हे जास्त महत्त्वाचं.

माझी आजी गेली तेव्हा थोरली नऊ वर्षांची होती, धाकटी दोन. धाकटीला पणजीने गावी ठेवून घेतलं. सात-आठ वर्षांची होईपर्यंत ती पणजीच्या कुशीत झोपायची. थोरलीची शाळा होती म्हणून तिला सोलापूरला मामांकडे पाठवलं. आई दोघींचीही गेली होती.

एका घरावरून काही सिद्ध होत नाही, आणि आत्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये किती ग्राही आहेत हे मला कधीच कळणार नाही. शिवाय नवरा जाणं दोघींसाठी सारखं नव्हतं. धाकटीचं शिवणकाम होतं, गिऱ्हाइकं होती. थोरलीची मैत्रीण, शेजारची, चाळ रिकामी झाली तेव्हा विरारला गेली. आतोबा गेले त्याच्या आधीचंच वर्ष.

मनातलं बोलायला कुणी नसणं, या शेवटच्या गोष्टीवर औषधाविना काही करता येतं का, याची एक चाचणी आपल्या शेजारी, गोव्यात झाली. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांशी बोलायला गावातलीच, मानसशास्त्राची पदवी नसलेली, प्रशिक्षण दिलेली माणसं नेमली. सहा ते आठ भेटी. दिवसात छोटी छोटी कामं पुन्हा सुरू करायची, लोकांत जायचं. २०१७ मध्ये विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी निकाल छापला : तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण लक्षणांतून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारांवरचे ३९ टक्के. विदर्भात अमरावतीच्या खेड्यांत अशाच गावपातळीवरच्या कामाने, नैराश्य असून मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. या आकड्यांत ग्राही कुठेच नाहीत. पण तारवाला तोच आहे आणि खोल्याही त्याच.

मागच्या महिन्यात आत्याकडे गेलो होतो. गोळी अजून चालू आहे, अर्धी. चहा तिनेच केला. वाचलेलं सगळं तिला सांगायचं ठरवून गेलो होतो, टाकी, बॉल, उंदीर. उंदरांपर्यंत आलो आणि ती म्हणाली, ‘चाटतात म्हणजे?’ मी सांगितलं. ती कपबशी विसळत होती. नळ बंद करून म्हणाली, ‘मामी वाईट नव्हती हो. खायला-प्यायला कधी कमी केलं नाही. पण सोलापूरची थंडी, आणि रात्री पांघरूण सरकलं तर ते सारखं करायला कुणी उठायचं नाही. मी पहाटेच जागी व्हायचे.’

‘किती वाजता?’ मी विचारलं.

‘साडेतीन असतील. टॉवरचे टोले ऐकू यायचे.’